दोन नंबर मोठा बूट आणि काळं पडलेलं नख: मापाने शिवलेल्या कामाच्या बुटांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ग्राहक चाळिशी ओलांडलेला. लोखंडी फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप स्वतः चालवतो आणि स्वतःही राबतो. कटिंग, ग्राइंडिंग, वेल्डिंग करायचं आणि तयार झालेल्या फ्रेम साइटवर नेऊन उभ्या करायच्या, असं त्याचं काम. दिवसाचा मोठा भाग तो सिमेंटच्या फरशीवर उभा असतो, उरलेला वेळ शिडीवर किंवा जमिनीलगतचे सांधे मारत उकिडवा बसलेला. हे उकिडवं बसणं पुढे महत्त्वाचं ठरलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

कारागीर साठीच्या पुढचे, मापाने बूट शिवणारे. हाताखाली एक मदतनीस. इथली मापं त्यांच्या वहीतली आहेत, बाकीचं कारागीर आणि ग्राहक या दोघांशी वेगवेगळं बोलून जुळवलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

ग्राहक आला तो मागणी ठरवूनच. "काका, तुमच्याकडचं सगळ्यात जाड चामडं लावा. नंबर दहा. आणि पुढे स्टीलची टोपी." त्याचे तयार बूट वर्षभरही टिकत नव्हते. पंज्यावर घडी पडते तिथे चीर जायची, नाहीतर सोल सुटायचा. पायाची अवस्थाही बरी नव्हती. दोन्ही टाचांवर घट्टे होते, करंगळीवर कुरूप होतं आणि डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं होतं. त्याच्या हिशेबाने नख काळं पडलं म्हणजे बूट लहान पडतोय, त्यामुळे या खेपेला साडेदहा घ्यावा का, असाही विचार त्याच्या मनात होता.

जुन्या बुटांनी काय सांगितलं

कारागिराने पायाआधी जुने बूट हातात घेतले. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी वेळ इथेच गेला. ग्राहकाची तक्रार ऐकून जे कळलं नसतं, ते घासलेल्या बुटावर सरळ दिसत होतं.

आतली गादी बाहेर काढली तर बोटांचे ठसे गादीच्या टोकाच्या बरेच अलीकडे संपत होते. पुढे बोटभर जागा कोरी. तरीही टोपीच्या आतलं अस्तर अंगठ्यासमोर घासून फाटलेलं. टाचेकडचं अस्तर दोन्ही बुटांत भोक पडेपर्यंत झिजलेलं. नाडीच्या दोन्ही बाजू एकमेकींना टेकलेल्या, म्हणजे आणखी आवळायला जागाच उरली नव्हती. आणि पंज्यावरची घडी चवड्याच्या सांध्यावर पडायला हवी होती, ती त्याच्याही पुढे, टोपीच्या मागच्या कडेला लागून पडली होती.

याचा अर्थ बूट लांबीला मोठा होता. शिडीवरून उतरताना किंवा उतारावर वजन पेलताना पाय आत पुढे सरकत होता आणि अंगठा टोपीवर आपटत होता. वरून पाय धरून ठेवणारं काही नव्हतं, म्हणून प्रत्येक पावलाला टाच उचलली जात होती. नख काळं पडण्याचं कारण जास्तीची लांबी होती. साडेदहा घेतला असता तर ते आणखी बिघडलं असतं.

मग इतका मोठा बूट तो घेत का होता? त्याचं उत्तर मापात सापडलं.

मापं

मापं दुपार उलटल्यावर घेतली. दिवसभर उभं राहून पाय थोडा फुगतो आणि कामाचा बूट त्याच पायाला व्हायला हवा. ग्राहकाला कामावरचे जाड मोजे घालून यायला सांगितलं होतं. दोन्ही पायांची मापं बसून एकदा आणि उभं राहून एकदा घेतली. कागदावर आखणी करताना पेन्सिल सरळ उभी धरली. ती आत कलली की पाय अरुंद निघतो आणि बाहेर कलली की रुंद.

उभं राहून डावा पाय लांबीला २६२ मि.मी. भरला, उजवा २५७. चवड्याचा घेर डावीकडे २५८, उजवीकडे २५६. बसल्यावर हाच घेर डावीकडे २५१ पर्यंत उतरत होता. टाच अरुंद आणि पावलाचा वरचा उंचवटा चांगलाच उंच. टाचेपासून अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यापर्यंतचं अंतर डावीकडे १९४ आणि उजवीकडे १९०, म्हणजे पायाच्या लांबीच्या मानाने थोडं जास्त. अशा पायाची बोटं आखूड आणि मागचा भाग लांब असतो.

आता नंबराचा हिशेब. इंग्रजी पद्धतीत एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण ८.५ मि.मी. लांबी. त्याच पद्धतीत फर्म्याचा, म्हणजे ज्यावर बूट शिवतात त्या पायाच्या आकाराच्या साच्याचा, चवड्याचा घेर सहसा एका नंबरामागे पाव इंच, म्हणजे सुमारे ६.४ मि.मी. वाढतो. ८ नंबरचा फर्मा २७९ मि.मी. लांब असतो. २६२ च्या पायाला पुढे १७ मि.मी. मोकळी जागा मिळते, ती पुरेशी आहे. लांबीने पाहिलं तर हा ८ नंबरचा पाय.

पण कारागिराकडच्या ८ नंबरच्या नेहमीच्या फर्म्याचा घेर २४६ होता आणि पायाचा घेर २५८. १२ मि.मी. घेर नुसता नंबर वाढवून मिळवायचा तर दोन नंबर चढावे लागतात. दोन नंबरांबरोबर १७ मि.मी. लांबी फुकट गळ्यात पडते आणि बुटाची वाकण्याची जागा सुमारे १२ मि.मी. पुढे सरकते. ग्राहक वर्षानुवर्षं रुंदी विकत घेत होता आणि तिची किंमत लांबीत मोजत होता. दुकानात बूट घालून दोन पावलं चाललं की करंगळी मोकळी वाटते आणि माणूस खूश होतो. टाच उचलली जातेय हे शिडीवर चढल्याशिवाय समजत नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने होती. बोटं आखूड असल्याने नुसत्या लांबीवरून ८ घेतला असता तर चवडा बुटाच्या रुंद भागाच्या पुढे पडला असता. सांध्याच्या अंतराने पाहिलं तर डाव्या पायाला साडेआठ बसत होता. म्हणजे लांबीच्या नंबरापेक्षा थोडं वर जाणं बरोबरच होतं, फक्त तो भलताच वर गेला होता.

पहिला निर्णय: मापाचे बूट हवेतच का?

हा प्रश्न खुद्द कारागिरानेच काढला, याचं मला कौतुक वाटतं. रुंद फिटिंगचे तयार बूट मिळतात आणि ८ किंवा साडेआठचा रुंद जोड मिळाला तर शिवून घेण्याची गरज नाही, असं त्यांनी सांगितलं. ग्राहकाने तसा जोड घालून पाहिला. चवडा बसला, पण त्या बुटाची टाचही त्याच प्रमाणात रुंद होती आणि ती पहिल्या पावलापासून उचलली जात होती. रुंद चवडा, अरुंद टाच आणि उंच उंचवटा ही तिन्ही एकाच पायात असतील तर तयार मालात मेळ बसणं कठीण. तेव्हा कुठे शिवायचं ठरलं.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. आयएसओ २०३४५ या मानकानुसार सेफ्टी बुटाच्या टोपीला २०० जूलचा आघात आणि १५ किलोन्यूटनचा दाब सोसावा लागतो. २०० जूल म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून पडणं. प्रमाणपत्र मिळतं ते चाचणी झालेल्या मॉडेलला. हाताने शिवलेल्या एका जोडात प्रमाणित बुटातली स्टीलची टोपी बसवली तरी तो बूट प्रमाणित होत नाही. कारागिराने हे स्पष्ट सांगितलं आणि वहीत लिहूनही ठेवलं.

साइटवर प्रमाणित बूट सक्तीचे होते. म्हणून नवा जोड फक्त स्वतःच्या वर्कशॉपसाठी आणि साइटसाठी प्रमाणित बूट वेगळे, असं ठरलं. ग्राहकाला हे आवडलं नाही. एकाच जोडात सगळं भागवायचं म्हणून तो आला होता. पण यात पळवाट नव्हती, आणि हे आधी बोललं गेलं नसतं तर पुढचं सगळं काम वाया गेलं असतं.

चामडं: कोणते पर्याय होते

सगळ्यात जाड चामडं हवं ही मागणी आधी बाजूला ठेवावी लागली. ३ मि.मी.च्या पुढचं चामडं पंज्यावर वाकलं की आतल्या बाजूला टणक वळी उठते आणि उकिडवं बसताना ती बोटांच्या मुळावर रुतते. टोपीची मागची कडही तिथेच असते. कारागिराने ३ मि.मी.चा एक तुकडा घडी घालून ग्राहकाच्या बोटांवर दाबून दाखवला. पुढे वाद झाला नाही. पंज्यासाठी २.२ ते २.४ मि.मी. ठरलं.

प्रकाराबद्दल चार पर्याय होते.

जुने बूट ज्याचे होते ते, म्हणजे वरचा पृष्ठभाग घासून त्यावर रंगाचा जाड थर दिलेलं चामडं. ते दिसायला एकसारखं आणि पुसायला सोपं असतं. पण घडीवर आधी थर तडकतो, मग त्या चिरेतून पाणी आणि धूळ खाली शिरते. ठिणगी पडली की थर वितळून खड्डा पडतो. हा पर्याय लगेच बाद झाला.

दुसरा, झाडाच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं फुल ग्रेन, म्हणजे वरचा पृष्ठभाग न घासलेलं चामडं. मापाच्या बुटांची आवड असलेल्यांना ते फार भावतं, आणि त्यात तथ्यही आहे. ते पायाचा आकार घेतं आणि घाम शोषतं. पण या माणसाच्या कामाला ते अगदी चुकीचं होतं. ओलं असताना ते ७० ते ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास आक्रसतं. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं उकळत्या पाण्यातही बहुधा टिकून राहतं. दुसरी अडचण लोखंडाची. टॅनिन असलेल्या ओल्या चामड्यावर लोखंडाचा कीस पडला की निळसर काळे डाग उमटतात. जुन्या काळी लोह आणि टॅनिनची शाई ज्या रसायनाने बनायची तेच हे. ग्राइंडिंगवाल्या माणसाचा बूट आठवडाभरात ठिपक्याठिपक्यांचा झाला असता.

तिसरा पर्याय क्रोमने कमावून त्यात भरपूर तेल आणि मेण मुरवलेलं चामडं. ते मऊ असतं, पाणी चांगलं अडवतं, ओरखडा बोटाने चोळला की दिसेनासा होतो. साइटच्या चिखलासाठी मी हेच निवडलं असतं. पण वेल्डिंगच्या कपड्यांवर आणि हातमोज्यांवर तेल-ग्रीस नको हा साधा नियम आहे आणि तो बुटालाही लागू होतो. मेण मुरलेल्या पृष्ठभागावर गरम थेंब बसला की तो जागा धरून धुमसतो.

चौथा, क्रोमने कमावलेलं फुल ग्रेन चामडं उलटं लावायचं. मांसाकडची खरखरीत बाजू बाहेर, केसाकडची गुळगुळीत बाजू आत. यात चामड्याचा सगळ्यात घट्ट पदर आत सुरक्षित राहतो आणि ठिणग्यांचे डाग, ओरखडे बाहेरच्या लवेत मुरून जातात. तोटे दोन. लव धूळ धरते, आणि पाणी हे चामडं तेल मुरवलेल्याइतकं अडवत नाही. वर्कशॉपच्या आत पाण्याचा प्रश्न फारसा नव्हता, त्यामुळे निवड याचीच झाली. उलटं चामडं म्हणजे सुएड असा ग्राहकाचा समज होता. सुएड बहुतेक वेळा चामडं आडवं चिरून निघालेल्या खालच्या थराचं असतं आणि त्यात वरचा घट्ट पदर नसतो. इथे तो होता. फरक कापलेल्या कडेवर डोळ्यांनी दिसतो.

चामडं विकत घेताना कारागिराने कोपऱ्यातला एक तुकडा उकळत्या पाण्यात टाकून पाहिला. तो आक्रसला नाही, म्हणजे क्रोमचं असल्याची खात्री झाली. मग केसाकडची बाजू आत घेऊन तुकडा वाकवला. बारीक, एकसारख्या सुरकुत्या आल्या तर पदर घट्ट आहे. ढिल्या, फुगीर वळ्या आल्या तर तो भाग पंज्याला लावायचा नाही.

चामडं आणि माप एकत्र ठरवावी लागली

माप एकीकडे ठरवायचं आणि चामडं दुसरीकडे निवडायचं, ही पद्धत इथे उपयोगाची नव्हती. बुटाचे सगळे भाग सारखे सैल होत नाहीत. पंज्याचं चामडं वापराने घेरात काही मिलिमीटर देतं. लांबीत जवळजवळ काहीच देत नाही, निदान देऊ नये असंच ते कापलेलं असतं. जनावराच्या पाठीच्या कण्याच्या दिशेने चामडं कमी ताणतं, म्हणून पंजा कापताना टाच ते बोट ही दिशा त्या बाजूला धरतात. पोटाकडचा भाग ढिला असतो, तो नाडीखालच्या जिभेसाठी जातो. डावा आणि उजवा पंजा कण्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोरच्या जागेतून कापायचा, नाहीतर एक बूट सैल होतो आणि दुसरा नाही. स्टीलची टोपी मात्र कधीच काही देत नाही. टोपीखाली जागा पहिल्याच दिवशी पूर्ण हवी.

शिवाय आतला इनसोल सालीच्या टॅनिनचा जाड चामड्याचा होता आणि त्याखाली कॉर्कचा भराव. वजनाने दोन्ही दबतात आणि पाय काही आठवड्यांत थोडा खाली बसतो. तेवढी जागा वर मोकळी होते. म्हणून उंचवट्यावर बूट सुरुवातीला घट्टच हवा.

यावरून फर्मा असा ठरला. डावा साडेआठ आणि उजवा आठ, म्हणजे अर्ध्या नंबराचा फरक ठेवायचा. एकाच नंबराचे दोन फर्मे घेऊन उजव्या बुटात गादी टाकणं सोपं होतं आणि बरेच कारागीर तसंच करतात. पण त्यात उजव्या बुटाची वाकण्याची जागा पुन्हा चुकली असती. तळ हातानेच कापायचा असल्याने दोन नंबर ठेवण्यात विशेष अडचण नव्हती आणि स्टीलच्या टोपीचं एक माप दोन्हींना चालत होतं. चवड्याचा घेर डावीकडे उभ्या मापाच्या २५८ ऐवजी २५३ धरला, कारण हे चामडं उरलेला फरक स्वतः भरून काढणार होतं. उजवीकडेही तसाच २५१. मेण मुरवलेलं मऊ चामडं असतं तर घेर याहून कमी धरला असता, असं कारागीर म्हणाले. टाचेच्या बाजूंनी फर्मा घासून अरुंद केला. चवड्यावर आणि उंचवट्यावर चामड्याच्या पट्ट्या डकवून तो वाढवला.

चाचणीचा जोड

पक्क्या चामड्याला हात लावण्याआधी कारागिराने चाचणीचा एक जोड शिवला. शिल्लक तुकड्यांचा, तात्पुरत्या सोलचा, पण टोपीसकट. ग्राहकाने तो संध्याकाळी कामाचे मोजे घालून वापरला. जिने चढला-उतरला, उकिडवा बसला.

यातून दोन गोष्टी हाती लागल्या. टाच बसली होती. पण उकिडवं बसताना टोपीची मागची कड डाव्या अंगठ्याच्या वर टोचत होती. घडी आता योग्य जागी, चवड्यावर पडत होती आणि टोपी तिच्या बरीच पुढे होती. तरी कडेची धार जाणवत होती. टोपीच्या कडेवर कडेकडे निमुळती होत जाणारी चामड्याची पट्टी चिकटवून तो प्रश्न मिटला.

उंचवट्याबद्दल ग्राहकाने "छान बसलाय" असं सांगितलं आणि तिथे काही बदललं नाही. पुढे अडलं ते याच ठिकाणी.

पक्का जोड

पंजा एकाच तुकड्याचा ठेवला. टोकावर जोड नाही, सजावटीची शिलाई नाही. जिथे ठिणगी पडते तिथे दोरा असेल तर आधी दोरा जातो. नायलॉन आणि पॉलिएस्टर दोन्ही साधारण २२० ते २६५ अंशांच्या टप्प्यात वितळतात आणि वेल्डिंगचा उडालेला थेंब त्याहून कितीतरी गरम असतो. बाहेर दिसणाऱ्या शिलाईसाठी अरामिड या उष्णता सोसणाऱ्या धाग्याचा दोरा घेतला, तो वितळत नाही. नाड्यांवर चामड्याची एक झालर टाकली, म्हणजे गरम थेंब जिभेच्या खाचेत साचणार नाही. जीभ दोन्ही बाजूंनी घडीने शिवून बंद केली. सोल वेल्टच्या, म्हणजे बुटाच्या कडेने फिरणाऱ्या चामडी पट्टीच्या शिलाईने जोडला, म्हणजे तो झिजला की उसवून नवा लावता येतो. सोल नायट्रिल रबराचा, कारण तो तेल आणि उष्णता दोन्ही बऱ्यापैकी सोसतो. टाचेत सालीच्या टॅनिनने कमावलेल्या चामड्याचा काउंटर, म्हणजे टाच धरून ठेवणारा ताठ तुकडा, ओला करून फर्म्यावर बसवला.

नाडीच्या दोन बाजूंमध्ये दोन बोटं मावतील इतकी फट मुद्दाम ठेवली होती. पाय खाली बसला आणि चामडं सैल झालं की ही फट कमी होत जाते. पहिल्या दिवशीच बाजू टेकल्या तर नंतर आवळायला काही उरत नाही, हे जुन्या बुटांवर दिसलंच होतं.

परिणाम

पहिल्या दिवसांत ग्राहक वैतागला होता. बूट जड होते, सोल वाकत नव्हता आणि टाच पुन्हा थोडी उचलली जाते अशी त्याची तक्रार होती. ही तक्रार कारागिराने मनावर घेतली नाही आणि ते बरोबर ठरलं. वेल्टचा नवा सोल ताठ असतो, तो चवड्यावर वाकायला लागेपर्यंत टाच किंचित उचलली जातेच. सोल मोकळा झाल्यावर ती तक्रार थांबली.

दुसरी तक्रार खरी होती. उजव्या पायाच्या उंचवट्यावर दुपारनंतर कळ यायची आणि बोटांना मुंग्या यायच्या. चाचणीच्या जोडात असं झालं नव्हतं. कारण तपासल्यावर सापडलं. चाचणीचा जोड दीडेक मिलिमीटरच्या मऊ तुकड्यांचा होता. पक्कं चामडं त्याहून जाड आणि ताठ, शिवाय खाली बंद जिभेची घडी. फर्म्याचं माप तेच असूनही आतली जागा कमी झाली होती.

इथे तीन वाटा होत्या. नुसता घालत राहायचा आणि सैल होण्याची वाट पाहायची. बूट उसवून पुन्हा शिवायचा. किंवा फर्म्यावर उंचवट्याच्या जागी पट्टी वाढवून, चामडं ओलसर करून बूट पुन्हा त्यावर चढवायचा. मुंग्या येणं म्हणजे नस दाबली जातेय, तेव्हा वाट पाहण्यात अर्थ नव्हता. तिसरी वाट घेतली. सोबत कळेच्या जागेवरची नाडीची एक जोडी आडवी न ओवता बाजूने सरळ वर नेली, म्हणजे त्या ठिकाणी दाब येत नाही. या दोन्हींनी काम भागलं.

वर्ष उलटल्यावर बूट पाहिले तेव्हा पंज्यावर चीर नव्हती. घडी चवड्यावरच होती. बाहेरची लव लोखंडाच्या धुळीने काळी आणि चकचकीत झाली होती. ब्रश मारूनही ती पूर्वीसारखी होत नाही. ग्राहकाला त्याचं काही वाटत नाही. झालर भाजून जाळीदार झाली होती, ती बदलली. टाचेखालचा रबराचा थर बाहेरच्या बाजूने झिजला होता, तोही बदलला. मूळ सोल चालू आहे. नख नवं आलं आहे, घट्टे कमी झाले आहेत. करंगळीचं कुरूप मात्र पूर्ण गेलेलं नाही आणि ते नुसत्या बुटाने जाईल असं कोणी सांगितलंही नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

चाचणीचा जोड पक्क्या चामड्याइतक्याच जाडीचा हवा होता. शिल्लक तुकडे वापरण्यामागचा कारागिराचा हेतू खर्च वाचवण्याचा होता आणि तो समजण्यासारखा आहे. लांबी, टाच, टोपीची कड या गोष्टी पातळ चामड्यातही कळतात आणि कळल्याही. उंचवटा कळत नाही. निदान उंचवट्यावरचा आणि जिभेचा भाग तरी खऱ्या जाडीचा शिवायला हवा होता.

चाचणीचा काळही अपुरा होता. संध्याकाळचे जिने म्हणजे दिवसभराचं काम नव्हे. कळ दुपारनंतर यायची. तात्पुरत्या सोलच्या बुटात वर्कशॉपमध्ये काम करू देणं धोक्याचं, हे खरं. पण सुट्टीच्या दिवशी घरात पूर्ण दिवस घालता आला असता.

झालर पहिल्यापासून बदलता येईल अशी हवी होती. ती शिवून बसवली होती, त्यामुळे बदलताना शिलाई उसवावी लागली. जो भाग जळणारच आहे तो नाडीत ओवून बसवावा.

स्टीलच्या टोपीबद्दल माझं मत कारागिरापेक्षा वेगळं आहे. साइटसाठी प्रमाणित जोड वेगळा ठेवायचाच होता, तर वर्कशॉपमध्ये जड माल हलवतानाही तोच घालावा आणि मापाचा जोड टोपीशिवाय शिवावा, असा पर्याय चर्चेत आलाच नाही. बूट हलका झाला असता, कडेचा प्रश्नच उद्भवला नसता. कारागिरांचं म्हणणं असं की वर्कशॉपमध्ये माणूस दिवसातून दहादा बूट बदलत नाही, आणि लोखंडी अँगल पायावर पडायचा तो नेमका न बदललेल्या वेळी. त्यांचं म्हणणं खोडून काढता येईल असं मला वाटत नाही. तरी हा पर्याय ग्राहकासमोर मांडून निर्णय त्याच्यावर सोडायला हवा होता.

दुसरा जोड

ग्राहकाने आता दुसरा जोड सांगितला आहे, म्हणजे एक जोड वाळत असताना दुसरा घालता येईल. फर्मे जपून ठेवलेले आहेत. उजव्या फर्म्यावर उंचवट्याची वाढवलेली पट्टी खिळ्यांनी कायम केली आहे. चामडं तेच, जाडी तीच. झालर नाडीत ओवायची. टोपी ठेवायची की नाही हे अजून ठरलेलं नाही. ग्राहक नको म्हणतोय, कारागीर हवी म्हणताहेत, आणि फर्म्याचं टोक टोपीच्या आकाराचं असल्याने ती काढायची तर पुढचा भाग नव्याने घासावा लागेल.